सर्व्हिस सेंटर चालू आहे

कंपनीने गाड्या बनवणं बंद करून सहा वर्षं झाली, तरी तिचं तुर्भ्याचं सर्व्हिस सेंटर चालू होतं. नेरूळचे मधुकरराव आपली जुनी गाडी तिथेच न्यायचे. गाडी छान होऊन यायची आणि महिन्याच्या आत पुन्हा काहीतरी खडखडायला लागायचं. कधी आरसा, कधी बंपर.

मधुकररावांच्या मनात पाल चुकचुकली. या खेपेला त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येक नटावरून पत्र्यापर्यंत बारीक रेघ ओढली आणि मगच गाडी दिली. परत आली तेव्हा बंपरजवळची रेघ मधोमध तुटली होती. नट ढिला.

ते तसेच सेंटरवर धडकले. "रणजीत, मुद्दाम करतोस ना हे?"

मेकॅनिक रणजीतने मान खाली घातली.

"होय, काका. महिनाभर एकपण गाडी आली नाही, तर कंपनी शटर पाडणार. आमी सहा जण हाय इथं. आणि आता फक्त तुमचीच गाडी येते."



मधुकररावांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "ब्रेकला हात लावू नकोस. बाकी काय हवं ते ढिलं कर."