वळणावरचा रूळ

कसाऱ्याच्या घाटात तीस वर्षं गँगमन म्हणून राबलेल्या बाळारामला निवृत्तीनंतर घर खायला उठायचं. म्हणून शहापुरात नर्स असलेली त्याची लेक संध्या त्याच्यासाठी खेळण्यातल्या छोट्या रेल्वेचे वाकणारे रूळ घेऊन आली. इंजिन अजून यायचं होतं.

बाळाराम रमला. फळीवर रूळ हलक्या हातानं वाकवायचा, वळणावर आतली पट्टी पुढं सरकली की जादा टोक कापायचा, मग बारीक खिळे ठोकायचा.

रविवारी दुपारी वळण पुरं झालं. त्यावर बोट टेकवलं आणि तो थबकला. रूळ थरथरत होता. गाडी लांब असतानाच घाटातला रूळ असा थरथरायचा.

"संध्ये, जरा हात लाव गो."

बाबांना भास व्हायला लागले की काय, या धास्तीनं तिनं बोट टेकवलं. मग उठून पंखा बंद केला आणि पुन्हा टेकवलं. थरथर वाढली होती.

"बाबा, हे काय हाय?"

बाळारामनं रुळाला कान लावला. दुसऱ्याच क्षणी तिचं मनगट धरून तो ओरडला, "गाडी आली! बाजूला हो!"

दोघं भिंतीला चिकटली. मोकळ्या वळणावरून गरम वारा आला. संध्याची ओढणी फडफडत राहिली, सगळे डबे निघून जावेत इतका वेळ.

घाटात शेवटच्या डब्यातल्या गार्डाला करायचा, तसा बाळारामनं सवयीनं हात वर केला.

"जय भीम, बाळारामदादा," फळीवरून कुणीतरी म्हणालं. ते संध्यानंही ऐकलं.