अंगठा वर की खाली

“डोळे मिटा, काका. मी पायाचा अंगठा हलवला की सांगायचं, वर गेला की खाली.”

दयारामने डोळे मिटले आणि बायकोचा हात धरला. डॉक्टर मंजिरींनी तिकडे लक्ष दिलं नाही. तपासणीच्या टेबलावर आडवी झालेली भली भली माणसं भितात, कुणाचा तरी हात धरतात. त्यात वावगं ते काय?

त्यांना काय माहीत, की शेवंताचा हातच त्याला उत्तरं सांगत होता. एकदा दाबला की वर, दोनदा दाबला की खाली.

“वर,” दयाराम म्हणाला. मग “खाली.” मग पुन्हा “खाली.” एकही उत्तर चुकलं नाही.

मालगाडीचं इंजिन चालवता चालवता त्याचे केस पिकले होते. रेल्वेच्या दर मेडिकलआधी तो डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून जायचा आणि फिटचा शिक्का घेऊन यायचा. डॉक्टर म्हणजे फिट नाहीतर अनफिट ठरवणारा माणूस, त्याला काही सांगायचं नसतं, त्याच्यापासून लपवायचं असतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका डॉक्टरने हीच अंगठ्याची परीक्षा घेतली तेव्हा गडी सपशेल नापास झाला होता. म्हणून आज भनपुरीच्या घरून निघायच्या आधी त्याने शेवंताला खुणा शिकवल्या. ती तयारही झाली. पाठीला चाकू लागला की माणूस जन्मभर खाटेवर, असं सगळा पारा, सगळी वस्ती सांगत होती. ऑपरेशन टळलं तर तिला हवंच होतं.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय ताडकन उडाला.

“देखा, मॅडम? एकदम टाइट आहे पाय,” दयाराम खूश होऊन म्हणाला.

“जरा जास्तच उडतोय, काका. एवढा उडायला नको.” डॉक्टर उजेडावर लावलेल्या एमआरआयच्या फिल्मकडे वळल्या. “ही गाठ बघा. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारा. त्याला ही बाजूने दाबतेय. दिसण्यावरून कॅन्सरची वाटत नाही. पण नक्की काय ते काढून तपासल्यावरच कळेल.”

“पण मले त्रासच नाही ना. पाय जरासा झोपते, बस.”

“त्याचाच विचार करतेय. पायाची जाणीव खरंच एवढी चांगली असेल तर घाई नको. तीन महिने थांबू, मग पुन्हा एमआरआय करू.”

तीन महिने! दयारामचा चेहरा उजळला. शेवंताला मात्र घाम फुटला. काल संध्याकाळी तो बाजारातून एकाच चपलेवर घरी आला होता. दुसरी कुठे निसटली, कधी निसटली, त्याला पत्ता नव्हता. आणि वरून दारात उभा राहून विचारतो, “अशी काहून पाहून राहिली?” तिने बोट दाखवलं तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“मॅडम,” ती म्हणाली. “थांबलो, आन् मंधात पाय गेले तर? मंग ऑपरेशन केल्यावर येतीन का वापस?”

“सांगता येत नाही, काकू. धोका ऑपरेशनमध्येही असतो, तो मी लपवणार नाही. पण गाठ काढायच्या दिवशी पाय जसे असतात, त्यावर पुढचं बरंच ठरतं. चालत आलेला माणूस बहुतेक वेळा चालत घरी जातो. पाय गेल्यावर आलेल्याचं अवघड असतं. म्हणून तर मला खरं काय ते कळायला हवं.”

“तू काहून डरवून राहिली?” दयाराम बायकोवर हसला, पण ते हसू त्याला काही नीट जमलं नाही. “फिट आहो मी. मॅडम, और एक बार घ्या टेस्ट. हव, घ्याच.”

“घेऊ या. मिटा डोळे.”

त्याने डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला. शेवंताने तो दोन्ही हातांत धरला. दाबला, तर आज सुटलो, संध्याकाळी आपल्या घरी. नाही दाबला, तर उद्या-परवा याला आत नेतील, पाठ उघडतील, आणि काही बिघडलंच तर ते आपल्यामुळे. तिला भीती वाटत होती, दोन्हीकडची. आजवर या माणसाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

डॉक्टरांनी अंगठा चिमटीत धरून वर केला.

शेवंताने हात दाबला नाही.

अंगठा खाली गेला. पुन्हा वर आला. डॉक्टर थबकल्या. त्यांनी शेवंताच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या दोघांच्या हातांकडे. आणि अंगठा आणखी जोरात वाकवला, इतका की पाऊलच हललं. दयारामच्या कपाळावर घाम जमला होता. तो शेवंताचा हात दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात तिने हलू दिला नाही.

“टेस्ट सुरू करा ना, मॅडम,” डोळे तसेच मिटून दयाराम म्हणाला. “मी रेडी आहो.”