माणूस तिथे वारा

नवा एसी माणूस असेल तिकडेच गार वारा सोडायचा. वीज वाचते असं सांगत नवरा पाहुण्यांना खोलीभर फिरवून एसीची पाती त्यांच्यामागे वळताना दाखवायचा.

“मी हाक मारली तर तुम्ही इतक्या लवकर वळत नाही,” बायको म्हणायची.

त्या दुपारी ती बाळाला कडेवर घेऊन नवऱ्याबरोबर खोलीच्या दाराबाहेर उभी होती. खोलीत कोणी नव्हतं. तरी पाती हळूहळू खिडकीकडून पाळण्याकडे वळली आणि थांबली.

“बंद करा ना तो.”

“रिमोट आत आहे,” नवरा म्हणाला, पण आत गेला नाही.

पाती पुन्हा हलली. गार झोत दारापर्यंत आला.

परक्याकडे कधीच न जाणारं बाळ हसलं आणि दोन्ही हात पसरून समोर झेपावलं.