रफूवर रफू

डॉक्टरांनी त्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली, मग रिपोर्ट पुन्हा वाचला. बाळाला मांडीवर थोपटत त्याची बायको डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

"दारूने यकृताला जखम होते. ते बिचारं भरून काढतं, पण भरतं जाड धाग्यांनी. रोज जखम, रोज धागे. हळूहळू सगळं कडक होतं, काम करणारा भाग उरतच नाही."

"म्हणजे रफूच की," तो म्हणाला.

येवल्यात त्याच्यासारखा रफूगर नव्हता. जळालेली पैठणी अशी सांधायचा, की नेसणारीलाही भोक सापडू नये. पण त्याच जागी पुन्हा फाटलेली साडी कुणी आणली, तर हात जोडायचा. "रफूवर रफू नको, ताई. नुसता धागा उरेल, कापड नाही."

तिनेही काय कमी रफू केलं होतं? गिऱ्हाइकांना सांगायची, ताप आलाय. सासूला सांगायची, पित्त झालंय. गेल्या वर्षी याच डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "आज सोडलीत तर बरंचसं भरून येईल." त्या दिवशी घरी जाऊन तिने सासूला सांगितलं, रिपोर्ट चांगला आलाय.

सुईत दोरा ओवताना धरायचा, तसा त्याने श्वास धरला. "डॉक्टर, कापड किती उरलंय?"

"थोडंसंच," डॉक्टर म्हणाले, आणि बाळाकडे न बघता चष्मा पुसू लागले.

तो तिच्याकडे वळला. आवाजात राग नव्हता.

"आईला आता काय सांगशील गं?"