तिसरा रकाना

संजीवनीने तोच आकडा तिसऱ्यांदा विचारला, आणि शेखरने तो तिसऱ्यांदा तितक्याच शांतपणे सांगितला.

मुरबाडच्या बाजारपेठेत, बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर तिचं ऑफिस होतं. दोन टेबलं, चार संगणक. तालुक्यातल्या भातगिरण्या आणि पतपेढ्या जी सॉफ्टवेअर वापरत, ती गेली पंचवीस वर्षं इथेच बसून तिने लिहिली होती. त्यातली माहिती साठवायला डेटाबेस लागतो. त्याचे परवाने विकणाऱ्या ठाण्याच्या एका कंपनीकडून शेखर दर जानेवारीत यायचा. आधी कामाच्या वारी यायचा, गळ्यात ओळखपत्र अडकवून. अलीकडे रविवारी यायचा, शहापूरहून स्वतःच्या मोटरसायकलवर, आणि पिशवीतून परसातल्या वालाच्या शेंगा आणायचा.

त्याने साध्या कागदावर पट्टीने तीन रकाने आखून आणले होते.

"पहिल्यात सर्व्हरच्या कोअरवर, म्हणजे यंत्राच्या ताकदीवर पैसे. कोअर जास्त, तर परवाना महाग. दुसऱ्यात माणसांवर. जितके लोक वापरणार तितके परवाने."

"म्हणजे एक जण गिरणीची मोटर किती घोड्यांची ते बघून भाडं लावणार, दुसरा दारातून किती माणसं आत गेली ते मोजणार," संजीवनी म्हणाली. "भात किती भरडलं ते कुणीच विचारत नाय."

तो हसला. हे वाक्य ती गेल्या वर्षीही बोलली होती आणि गेल्या वर्षीही तो असाच हसला होता.

"तिसरा रकाना बघा. हा डेटाबेस फुकट आहे. परवाना नाही, दर वर्षाचं भाडं नाही. खरं सांगतो मॅडम, तुमच्या कामाला हाच बरा. ही अक्षदा आठ दिवसांत शिकेल."

दुसऱ्या टेबलावर बसलेल्या, संजीवनीच्या हाताखाली काम करणाऱ्या अक्षदाने मान आणखी खाली घातली. चार लोक काय म्हणतील म्हणून संजीवनी तिला त्या रविवारी मुद्दाम बोलावून घ्यायची, आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद द्यायची. कारण त्या तिसऱ्या रकान्यातल्या डेटाबेसवर अक्षदा सहा वर्षं काम करत होती. तालुक्यातली एकूण एक गिरणी संजीवनीने केव्हाच त्यावर नेऊन ठेवली होती.

पण हे कबूल केलं की विषय संपला. विषय संपला की येणं संपलं. म्हणून ती फुकटच्या मालात खोड्या काढत बसली. अडलं तर कुणाला धरायचं? फुकटचं कधी कुणाला पुरलंय? आणि तो एकेक शंका सावकाश, निगुतीने सोडवत राहिला. विकणारा फुकटाची बाजू घेतोय आणि घेणारी पैसे मोजायचं म्हणतेय, असं हे भांडण दोन तास चाले. त्या दोन तासांवर संजीवनीचं वर्ष निघे.

ती छप्पन्न वर्षांची होती. वडील गेले तेव्हा मागे तीन भावंडं होती. त्यांची शिक्षणं, लग्नं उरकेपर्यंत तिला सांगून येणारी स्थळं वाटेवरच्या वैशाखरे गावापर्यंत यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. पुढे स्थळं येणंही थांबलं. नऊ वर्षांपूर्वी शेखर आला तो दारातच उभा राहिला. बायको गेली, एवढंच म्हणाला. तिने त्याच्या हातातला कागद घेतला आणि विचारलं, यंदा काय भाव? त्या विचारण्याची लाज तिला अजून वाटायची. आणि तरी दर वर्षी ती तेच विचारायची.

खालून धोंडीबाई चहा घेऊन आली. तिने शेखरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बाय, ह्यो तुमचा कागदवाला परत आला. धा वर्सं येतो. तो काय विकत नाय, तुमी काय घेत नाय. माझ्या टपरीवर असं गिऱ्हाईक आलं असतं ना, तर मी टपरीच उचलून नेली असती."

संजीवनीचे कान तापले. शेखर कपात बघत राहिला.

निघताना त्याने कागद तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"मॅडम, पुढच्या वर्षी येणं होईलसं वाटत नाही."

"का?"

"दर वर्षी तुमचा वेळ घेतो. ठरत काहीच नाही. आता हे बरं नाही दिसत."

"कुणाला?"

त्याने खिशात चावी शोधली. ती हातातच होती.

"सगळ्यांनाच," तो म्हणाला, आणि जिना उतरला.

संजीवनीला जे समजायचं ते समजलं. वरचे साहेब जाब विचारत असणार. दहा वर्षांत एक परवाना खपला नाही, त्या गिऱ्हाइकाकडे कोणती कंपनी माणूस पाठवील? निवृत्तीला टेकलेला माणूस, त्याला आपल्या हावेपायी खाली मान घालायला लावली. आणि दारात त्याचं पाऊल पुन्हा लागणार नाही. भावंडं एकेक करून आपापल्या घरी गेली तेव्हाही तिला घर इतकं मोठं वाटलं नव्हतं.

सोमवारी ऑफिस उघडताच तिने पहिल्या रकान्यातला, सगळ्यांत महागडा परवाना घ्यायचं ठरवलं.

"ताई, आपल्याला हे लागत नाय," अक्षदा म्हणाली.

"लागतं."

"कशाला पण?"

"ठेवायला."

इंटरनेटवरून नंबर काढून तिने ठाण्याच्या कंपनीत फोन लावला. पलीकडची मुलगी हरखली. संजीवनीने सर्व्हरचा तपशील दिला, ऑफिसचा पत्ता दिला आणि मग आवाज शक्य तितका कोरडा ठेवून सांगितलं, की ही विक्री शेखर यांच्या नावावर लिहा. दहा वर्षं तेच येऊन समजावतात. पुढच्या जानेवारीतही त्यांनाच पाठवा, दुसरं कुणी नको.

मुलीने नाव दोनदा विचारलं. मग तिने फोन एका जुन्या माणसाकडे दिला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आमचे शेखरसाहेब? ते निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, मॅडम. त्यानंतर आम्ही मुरबाडला कुणालाच पाठवलेलं नाही."