लाइन मोकळी

“डायल टोन नाही म्हणतोय,” त्यांनी कॉम्प्युटरवरची ओळ परत एकदा वाचली आणि चष्मा पुसला.

बायको दिवाणावर आडवी झाली होती. खिडकीच्या पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं. त्या दिवसांत दुपारी तिचा असाच डोळा लागायचा आणि झोपेत कुठेतरी लांब फोन वाजायचा. ती दचकून उठायची. फोन गप्प असायचा.

लेक घर सोडून गेली त्याला वर्ष झालं होतं. “पुन्हा तोंड दाखवू नकोस,” असं ते रागाच्या भरात बोलून गेले आणि लेकीनं ते खरं केलं. पण एखाद्या दुपारी ती फोन करणार, हे आईच्या मनानं घेतलं होतं.

यांनी मात्र निवृत्त झाल्यावर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी प्रणाली घातली आणि इंटरनेटसाठी फोनच्या लाइनला जोडायला कुणाचा तरी जुना मोडेम आणला. “इंटरनेट लावलं की आमचा फोन तासन्‌तास एंगेज,” शेजारीण म्हणाली. हिच्या मनात आलं, पोरीनं कसाबसा धीर करून नंबर फिरवावा आणि एंगेज लागावा? तेव्हापासून रोज केर काढताना ती कपाटामागची मोडेमची वायर जराशी ओढून ठेवी. खटका सुटलेली वायर दिसायला बसलेलीच दिसे.

तीन आठवडे त्यांनी फायली बदलल्या, पोर्ट बदलला, लिनक्स दोनदा नव्यानं घातलं. वायरीचा त्यांना संशय आला नाही. संशय सगळा स्वतःवरच.

“अहो, सोडा तो नाद. एवढं काय अडलंय त्या इंटरनेटवाचून?”

“तिच्या मैत्रिणीनं तिचा ईमेलचा पत्ता दिलाय,” ते पाठमोरेच म्हणाले. “फोनवर मला ‘चुकलो’ म्हणता यायचं नाही गं. आवाजच फुटणार नाही. लिहून जमेल.”

ती उठली, कपाटामागे वाकली. टक्‌.

“बघा आता लावून.”

त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि बटण दाबलं. मोडेमनं नंबर फिरवला. मग शीळ, खरखर, दोन अनोळखी पाखरांनी एकमेकांची बोली शिकावी तसा गलका. आणि शांतता. ते एकेका बोटानं लिहू लागले.

ती फोनपाशी जाऊन बसली. रिसीव्हरवर हात ठेवून, वर्षात पहिल्यांदाच, मनात म्हणाली, ‘आत्ता नको गं करूस फोन, बाळा. जरा थांब.’