तपासनीस बाईंचं तोंड

"नवीन पेशंट ना? मग आधी हा फॉर्म भरा," काउंटरवरच्या गृहस्थांनी कागद पुढं सरकवला.

बाईंना हसूच आलं. आत हातमोजे चढवत असलेली दातांची डॉक्टर त्यांच्या पोटची लेक होती. पण गृहस्थांचा आज कामाचा पहिलाच दिवस, त्यांना काय ठाऊक! शिवाय नियम म्हणजे नियम, हे बाईंना सांगायला नको. तीस वर्षं त्यांनी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली होती आणि भल्याभल्या मालकांना घाम फोडला होता. त्यांनी मुकाट्यानं चष्मा लावला.

तेवढाच वेळ निघाला तर बरा, असंही मनात होतं. आज त्यांचे पुढचे दोन दात काढायचे होते. दोन वर्षांत हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या. लेकीनं वाढलेला भाग दोनदा कापला आणि दोन्ही वेळा तो पुन्हा वाढला, आता तर पुढचे दोन दात हलायलाही लागले होते. दर वेळी तिचं एकच पालुपद, "आई, तू नीट ब्रश करत नाहीस." तोंडात आरसा आणि नळी असताना माणूस काय कपाळ उत्तर देणार? बाई दिवसातून तीनदा दात घासत होत्या. जन्मभर लोकांच्या कढया तपासल्या आणि आता आपलंच तोंड घाण ठरावं, हे त्यांना दात जाण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

फॉर्मातला रकाना रिकामा ठेवणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. 'चालू असलेली औषधं' असं दिसताच त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि रक्तदाबाच्या गोळीचं नाव अक्षर न् अक्षर उतरवलं. कधीपासून? अडीच वर्षं.

"अगं, तुला कशाला फॉर्म दिला?" बाई आत खुर्चीत बसल्या तशी लेक फॉर्म घेऊन हसत वाचायला लागली. अर्ध्यावर तिचं हसू मावळलं. हातातली सिरिंज तिनं खाली ठेवली.

"आई, या गोळीनं काहींच्या हिरड्या वाढतात. प्रत्येक पेशंटला मी हे आधी विचारते."

प्रत्येक पेशंटला विचारत होती, फक्त आईला विचारलं नव्हतं. आईला रक्तदाब आहे हे तिला माहीत होतं, पण गोळी कोणती हे नाही. घरच्या माणसाकडून कोण फॉर्म भरून घेतं? दिव्याखाली अंधार तो हा असा.

"मग आजपासून गोळी बंद," बाई म्हणाल्या.

"खबरदार! मनानं काही बंद करायचं नाही." लेकीनं तिथूनच आईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी बदलून दिली. दात काढायचं राहिलं, नुसती कसून सफाई झाली.

चार महिन्यांनी बाई पुन्हा त्याच खुर्चीत होत्या. हिरड्या ओसरून जागेवर गेल्या होत्या. लेकीनं एकेक दात हलवून पाहिला. एकही हलेना. मग ती आईच्या कानाशी वाकली.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "तेव्हा तुझे दात टिकले, ते तुझ्या ब्रशमुळंच. इतकं स्वच्छ तोंड माझ्या दवाखान्यात दुसरं नाही."

बाईंनी तोंडातली नळी स्वतःच्या हातानं बाहेर काढली.

"मोठ्यानं बोल," त्या म्हणाल्या, "बाहेर माणसं बसलीयेत."